हॅवलॉक आणि नील: स्नॉर्केलिंग, स्कूबा, निवांत किनारे. नक्की कुठे जावं?

चिमणी_ठाणे
मंडळी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात अंदमानची तिकिटं काढली आहेत. पोर्ट ब्लेअरचा एक दिवस (सेल्युलर जेल, लाइट अँड साउंड) पक्का आहे, त्याबद्दल विचारत नाही. प्रश्न पुढच्या चार रात्रींचा आहे.

टूरवाल्याने दिलेला आराखडा असा: हॅवलॉकला तीन रात्री, त्यात एलिफंट बीच, राधानगर, काला पत्थर. मग नीलला सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आम्ही चौघं: मी (पोहता येत नाही, पाण्याची भीती आहे), नवरा (सोसायटीच्या तलावातला चॅम्पियन), लेक वय वर्षं 9 (मासोळी), आणि साबा (सासूबाई) वय 68 (गुडघे दुखतात, उत्साह दांडगा). नवऱ्याला स्कूबा करायचंच आहे. लेकीला मासे बघायचेत. साबांना 'काचेच्या होडीत' बसायचंय. मला एक असा किनारा हवाय जिथे कुणी लाउडस्पीकर लावणार नाही.

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा. यूट्यूब बघून डोकं फिरलंय, सगळ्यांचं सगळंच 'मस्ट व्हिजिट' असतं.

गवती_चहा
राधानगर. संपलं.

रंकाळ्याचा_राजा
राधानगर वाचलं आणि आधी आमचं राधानगरी धरणच डोळ्यासमोर आलं. म्हटलं हिथं स्कूबा कवापासनं सुरू झालं.

समुद्रपक्षी
चिमणी, टूरवाल्याच्या आराखड्यात एकच मोठी गडबड आहे, पण ती मुळावरच आहे. नील (आताचं शहीद द्वीप) सकाळी जाऊन संध्याकाळी परत करू नका. तिथे किमान एक रात्र, जमलं तर दोन. कारण सांगते.

नीलवर बघायचं ते सगळं भरती-ओहोटीवर ठरतं. लक्ष्मणपूर दोनचा तो दगडी नैसर्गिक पूल (तिथले लोक हावडा ब्रिज म्हणतात) ओहोटीलाच बघता येतो. खडकांमधली डबकी उघडी पडतात आणि त्यांत समुद्रकाकड्या, छोटे मासे, खेकडे, प्रवाळ, नशीब असेल तर बारकं ऑक्टोपस, हे सगळं गुडघाभर पाण्यात दिसतं. भरती असेल तर लांबून एक फोटो आणि परत. उलट भरतपूरला पाण्यात उतरायचं तर पाणी भरलेलं हवं, ओहोटीला नुसता प्रवाळाचा खडक पायाखाली येतो. म्हणजे दोन जागांना दोन वेगळ्या वेळा. दिवसभराच्या ट्रिपवाल्याला बोट जी वेळ देईल ती घ्यावी लागते. मग तो घरी येऊन लिहितो, 'नीलमध्ये विशेष काही नाही.'

साबांसाठी काचेच्या होड्या भरतपूरलाच आहेत. अपेक्षा माफक ठेवा.

खारा_वारा
समुद्रपक्षीला अनुमोदन. भरती-ओहोटी काढायला ॲप वगैरे लागत नाही. आमच्या आज्याचा हिशोब: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती, आणि साधारण सहा तास मागे-पुढे ओहोटी. कालनिर्णय काढा, तारीख बघा, झालं.

डेक_कॅडेट
खारा वारा, हिशोब बरोबर आहे, पण तो आपल्या कोकण किनाऱ्याचा. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. अंदमान आपल्यापासून पूर्वेला वीस अंश रेखांश लांब, समुद्र दुसरा, आणि घड्याळ मात्र तेच. तिथे पाऊणपट लावली तर चुकीच्या वेळेला जाऊन उभे राहाल. पोर्ट ब्लेअरचा तक्ता नेटवर मिळतो, हॅवलॉक-नीलला तो पुरेसा आहे. रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, एवढं मात्र सगळीकडे सारखं. नीलच्या खडकांसाठी उधाणाचे दिवस उत्तम, ओहोटी चांगली खोल जाते. भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) तेवढी मजा नाही.

खारा_वारा
मान्य. आज्या कधी दापोलीच्या पलीकडे गेला नव्हता.

निळी_छत्री
आम्ही एलिफंट बीचला गेलो होतो. अकराच्या सुमाराला पोचलो तर दादर स्टेशन. एका ट्यूबला धरून चार-पाच जण, ओढणारा एक पोरगा, पंधरा मिनिटांत 'हो गया मॅडम'. मासे दिसले का? दिसले. पण माझं अर्धं लक्ष पुढच्या काकांच्या पायांकडे होतं, कधी तोंडावर बसतील याकडे.

पाणकोंबडा_पुणे
@निळी_छत्री, तो दोष वेळेचा आहे, जागेचा नाही. पहिल्या बोटीने जा. हॅवलॉकच्या जेट्टीवरून बोटी सुटतात. पोर्ट ब्लेअरची सकाळची फेरी लागून पर्यटक इथे येईपर्यंत एलिफंट बीच बऱ्यापैकी तुमचाच असतो. पाणी सकाळी स्थिर असतं, वाळू ढवळलेली नसते.

दुसरा रस्ता जंगलातून चालत. राधानगरच्या वाटेवर फाटा आहे, सुमारे दोन किलोमीटर. शेवटचा भाग खारफुटीचा आणि चिखलाचा, भरतीला तिथे पाणी चढतं. साबांना नेऊ नका. बाकीच्यांनी जरूर जा, गाईडसोबत.

बीचवर जे उन्मळलेले मोठाले पांढरे ओंडके आहेत ते 2004 च्या त्सुनामीची आठवण. आणि नावाचं म्हणाल तर लाकूडतोडीच्या कामाला आणलेले हत्ती इथे असायचे. त्यातला राजन समुद्रात पोहायचा, जगभरातले फोटोग्राफर त्याच्यासाठी यायचे. 2016 मध्ये तो गेला. अजूनही लोक जेट्टीवर विचारतात, 'हाथी किधर है?'

स्कूबावाली_आत्या
आता स्कूबाबद्दल, कारण यावर अर्धवट माहिती फार फिरते.

नवऱ्याला 'ट्राय डाइव्ह' करायचंय की कोर्स, हे आधी ठरवा. ट्राय डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टर पूर्णवेळ तुमच्या टाकीला धरून असतो, खोली जास्तीत जास्त 12 मीटर, प्रत्यक्षात बरेचदा त्याहून कमीच. पोहता येण्याची अट नाही. त्यामुळे चिमणी, तूसुद्धा करू शकतेस. हसू नकोस. पाण्याच्या भीतीवाले लोक स्कूबात बरेचदा स्नॉर्केलिंगपेक्षा शांत असतात, कारण वर-खाली लाटांचा मार नसतो आणि हवा सतत मिळत असते.

या डाइव्ह बहुतेक निमो रीफला होतात, बीच नंबर दोनला. किनाऱ्यावरून चालत पाण्यात जायचं, हळूहळू खोल. समुद्रफुलांत दडलेले क्लाउनफिश असतात म्हणून ते नाव. ज्यांना बोटीत मळमळतं त्यांच्यासाठी ही जागा वरदान आहे.

नवरा खरंच चॅम्पियन असेल तर ओपन वॉटर कोर्स करू दे. तीन-चार दिवस जातात, थिअरी घरूनच ऑनलाइन उरकून जाता येते. मग 18 मीटरपर्यंतचा परवाना. हॅवलॉकचं खरं वैभव मात्र त्याच्याही खाली आहे: डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज, जॅक्सन्स बार. ही नावं तिथल्या करेन समाजातल्या पाणबुड्यांची. ब्रिटिशांच्या काळात 1920 च्या दशकात ब्रह्मदेशातून करेन लोक मध्य अंदमानात येऊन वसले. समुद्र त्यांच्या अंगातच. डिक्सन्सला बटाटा-चिप्ससारखे चपटे बॅटफिश तुमच्या मागे मागे फिरतात, जॉनीजला बॅराकुडा आणि स्नॅपरच्या भिंतीच्या भिंती. पण तिथे प्रवाह असतो, अनुभव लागतो. ॲडव्हान्स्ड कोर्स झाल्याशिवाय हट्ट धरू नये.

लेकीबद्दल: पाडीच्या (PADI, स्कूबा शिकवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) नियमात समुद्रातल्या ट्राय डाइव्हसाठी वय 10 पूर्ण हवं. आठ-नऊच्या मुलांना उथळ पाण्यातला 'बबलमेकर' असतो, दोन मीटरपर्यंत. कुणी 'चलता है मॅडम, दस लिख दो' म्हणालं तर तिथून उठा.

गवती_चहा
आत्या, दम्याचं काय? आमच्याकडे लहानपणी होता, आता नाही.

स्कूबावाली_आत्या
@गवती_चहा, फॉर्ममध्ये खरं लिहा आणि निघण्याआधीच डॉक्टरांकडून लेखी घेऊन जा. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, फिट्स, यातलं काहीही असेल तर सर्टिफिकेटशिवाय चांगला डाइव्ह सेंटर पाण्यात उतरवणार नाही. फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहायला सांगणारा असेल तर तो चांगला नव्हे.

सर्दी असेल तरीही उतरू नका. दोन-तीन मीटरलाच कान दुखायला लागतात, नाक दाबून हळूच फुंकर मारून दाब सारखा करावा लागतो. नाक चोंदलं असेल तर ते होत नाही. 'होईल होईल' म्हणून दामटलं तर कानाचा पडदा जातो.

डेक_कॅडेट
आणि विमान! शेवटच्या डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नाही. एकच डाइव्ह असेल तर निदान 12 तास, जास्त असतील तर 18. शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ द्यावा लागतो. म्हणून स्कूबा सहलीच्या सुरुवातीला ठेवा, शेवटी नको.

मालवणी_मसाला
एक विचारू? एवढं लांब आणि एवढं महाग कशाला? तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबाची संस्था आहे, मालवणात सिंधुदुर्गाच्या पायथ्याशी पाण्यात उतरता येतं. 1987 पासून सागरी अभयारण्य आहे ते. आमच्याकडे काय मासे नाहीत?

पाणकोंबडा_पुणे
मासे आहेत, दिसत नाहीत. :)

मालवणी_मसाला
आमच्या मालवणाक नावां ठेवू नकात हां! डिसेंबर-जानेवारीत, वारा पडलेला असताना या, मग बोला. गणपती संपले की लगेच येतात आणि गढूळ म्हणून नावं ठेवतात.

स्कूबावाली_आत्या
दोघांचं बरोबर आहे, पण तुलना सारखी नाही. आपल्या किनाऱ्याला खाड्या आणि नद्यांचा गाळ येतो, त्यामुळे पाणी ढगाळ. हॅवलॉकला तशी मोठी नदी नाही, वर प्रवाळाचं रान. चांगल्या दिवशी वीस मीटर लांबचं स्वच्छ दिसतं. कोर्सचा सराव मालवणात आणि डाइव्ह अंदमानात, असं करणारेही आहेत. पोहायला न येणाऱ्याने पहिली चव घ्यायला मालवण अगदी छान आहे.

चष्मिश_नागपूर
उणे सहा नंबर. मी काय बघणार पाण्याखाली?

स्कूबावाली_आत्या
नंबरचे मास्क असतात, बुकिंग करतानाच सांगा. शिवाय पाण्यात वस्तू तशाही एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात.

रंकाळ्याचा_राजा
आनी मिशीवाल्यांनी काय करायचं? मास्कमधनं पानी गळतंय म्हनं.

स्कूबावाली_आत्या
मिशीवर व्हॅसलीन थापा नाहीतर नाकाखालचा एक पट्टा साफ करा.

रंकाळ्याचा_राजा
मासं बघायला मिशी? त्यापरीस रंकाळ्याला भेळ खातो.

अनामिक_रसिक
सी-वॉकबद्दल कुणीच बोललं नाही. डोक्यावर मोठं हेल्मेट, वरून नळीने हवा, केसही भिजत नाहीत. साबांना वगैरे चालेल ना?

समुद्रपक्षी
मला पटत नाही. समुद्रतळावर शिडीने उतरवून माणसं उभी करायची, माशांना पाव चारून गोळा करायचं आणि फोटो काढायचे. जिथे रोज शेकडो पाय पडतात तिथे तळाला काय उरणार? आणि 68 वर्षांच्या दुखऱ्या गुडघ्यांना खांद्यावर जड हेल्मेट घेऊन शिडी उतरवणं मी तरी सुचवणार नाही.

अनामिक_रसिक
प्रत्येकालाच डिक्सन्स पिनॅकल जमत नाही हो. पोहता न येणाऱ्या, मास्क तोंडावर घट्ट बसला की घाबरणाऱ्या माणसाला तेवढाच एक मार्ग असतो. माझी आई तिथून वर आली तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता. उगाच नाक मुरडू नये.

समुद्रपक्षी
आईंच्या आनंदाबद्दल वाद नाही. पाव चारण्याबद्दल आहे, आणि तो राहील.

पाणकोंबडा_पुणे
भांडू नका, पोपटमाशांबद्दल ऐका. पॅरटफिश प्रवाळाचे खडक दातांनी खरवडून शेवाळ खातो, खडक पोटात दळला जातो आणि मागून बारीक पांढरी वाळू बाहेर पडते. स्नॉर्केलिंग करताना कान पाण्यात ठेवा, कर्रकर्र आवाज स्पष्ट येतो. अशा बेटांवरची बरीचशी मऊ पांढरी वाळू म्हणजे माशांची शी. लेकीला सांगा, ती हा धडा जन्मात विसरणार नाही.

निळी_छत्री
आणि मी त्या वाळूत लोळून फोटो काढले होते. धन्यवाद हां पाणकोंबड्या.

दूर्वांकुर
राधानगरबद्दल थोडं गंभीर. 'टाइम' मासिकाने 2004 मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, 2020 मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळाला, ते सगळं खरं. पण तिथे स्नॉर्केलिंग करण्यासारखं नाही, ती पोहण्याची आणि सूर्यास्ताची जागा. साडेपाचच्या सुमाराला जानेवारीत सूर्य बुडतो. आपल्या सवयीने साडेसहाला पोचाल तर काळोखात परत याल. चारलाच जा.

उजवीकडे किनाऱ्याच्या टोकाला एक शांत, सुंदर खाजण आहे, नील्स कोव्ह. फोटोत इतकं छान दिसतं की उतरावंसं वाटतं. उतरू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, 2010 मध्ये हॅवलॉकला एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. त्यानंतर जाळ्या, फलक, जीवरक्षक आले. फलक शोभेला लावलेले नाहीत.

गवती_चहा
बाप रे. माझं 'राधानगर, संपलं' हे भलत्याच अर्थाने वाचू नका कुणी.

कांदेपोहे_डोंबिवली
शाकाहारी जेवण मिळतं का? (अवांतराबद्दल क्षमस्व.)

समुद्रपक्षी
मिळतं. हॅवलॉकच्या बाजारात (गाव नंबर तीन) थाळी सहज. या बेटांवर बहुतेक वस्ती पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची, म्हणून गावांची नावं गोविंदनगर, विजयनगर, आणि नीलवर सीतापूर, रामनगर, लक्ष्मणपूर. डाळ, भात, भाजी घरगुती चवीची. नीलची भाजी आजूबाजूच्या बेटांवर जाते. मासेवाल्यांची तर चंगळच.

पाणकोंबडा_पुणे
सकाळी ज्याला हात जोडून 'किती सुंदर' म्हणायचं त्याला संध्याकाळी लिंबू पिळायचं.

मालवणी_मसाला
यात चुकीचं काय आहे?

स्कूबावाली_आत्या
चिमणीने विचारलेलं नाही, पण सांगायला हवं. 2010 आणि 2016 मध्ये समुद्राचं तापमान वाढून अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडले. 2024 मध्ये तर जगभरच ब्लीचिंग झालं. प्रवाळाच्या आत एक सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला अन्न आणि रंग देतं. पाणी बराच काळ तापलं की प्रवाळ ते बाहेर टाकतो. लवकर थंडावलं तर सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून गेलात तर उथळ भागात काही ठिकाणी राखाडी तुकडे दिसतील. हिरमुसू नका, खोलवर आणि प्रवाहाच्या जागी बरंच टिकून आहे.

आपल्या हातात एवढंच की उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही, आणि सनस्क्रीन चोपडण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड घालायचा. पाठ भाजत नाही ते वेगळंच.

आणि शंख-प्रवाळ उचलून आणू नका. 'वाळूत मेलेलं पडलं होतं' चालत नाही. प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, विमानतळावर बॅगा बघतात.

निळी_छत्री
आमच्या शेजारच्या रांगेतल्या आजोबांच्या पिशवीतून ओंजळभर निघालं होतं. दंड, लेखी जबाब, सगळं. ते बिचारे 'देवघरात ठेवणार होतो' म्हणत होते.

लाटेवरचा_काका
निवांत किनारा हवा असेल तर काला पत्थर सूर्योदयाला. मी म्हणतो सूर्योदयाला म्हणजे सूर्योदयाला, नाश्ता करून नव्हे. किंवा नीलचं सीतापूर. तिथेही पूर्वेला तोंड आहे. नील सपाट आहे, सायकल भाड्याने घेऊन अख्खं बेट आरामात होतं. हॅवलॉकला स्कूटर लागेल, चढ आहेत. संध्याकाळी वाळूत बसताना मात्र पायांना खोबरेल लावा, वाळूमाश्या चावतात आणि आठवडाभर खाजवत बसावं लागतं.

अमावस्येच्या जवळपास असाल तर रात्री खारफुटीत कयाकिंग करा. वल्हं मारलं की पाणी निळसर चमकतं, सूक्ष्म जीवांमुळे. चंद्र असेल तर पैसे वाया.

चिमणी_ठाणे
किती लिहिलंत सगळ्यांनी! तीन वेळा वाचलं, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, त्याने मिशीचा भाग दोनदा वाचायला लावला.

टूरवाल्याला फोन केला. बराच कुरकुरला, मग बदललं: हॅवलॉक दोन रात्री, नील दोन रात्री. हॅवलॉकला दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीने एलिफंट बीच, दुपारी आराम, चारला राधानगर. तिसऱ्या दिवशी सकाळी निमो रीफला नवऱ्याचा ट्राय डाइव्ह, लेकीचा बबलमेकर मिळतोय का ते विचारलंय. दुपारच्या फेरीने नील. कोर्स पुढच्या वेळी, असं त्याचं स्वतःचंच मत पडलं.

पोर्ट ब्लेअरचा तक्ता काढला. नीलच्या दोन दिवसांपैकी एका दिवशी दुपारी खोल ओहोटी मिळतेय. साबांना ते खडक झेपतील का?

समुद्रपक्षी
पुलाकडे जाताना दगड निसरडे आणि धारदार आहेत. त्यांना वाळूच्या टोकापर्यंत न्या, तिथे शहाळंवाले असतात, बसवा. नीलला एक नंबरचा लक्ष्मणपूर किनारा त्यांच्यासाठी उत्तम, सूर्यास्त बसल्या बसल्या दिसतो. सगळ्यांना जाड तळाच्या पाणचपला घ्या, समुद्री साळिंदर (काटेरी सी-अर्चिन) असतात.

स्कूबावाली_आत्या
आणि तू? निमो रीफला किनाऱ्यावर टॉवेल धरून उभी राहणार?

चिमणी_ठाणे
फॉर्म डाउनलोड केलाय. भरलेला नाही.

रंकाळ्याचा_राजा
भरा वैनी. तुमाला मिशी न्हाई, निम्मं काम झालंय.

कांदेपोहे_डोंबिवली
आम्ही मे महिन्यात जायचं म्हणतोय, मुलांच्या सुट्ट्या. चालेल का?

डेक_कॅडेट
मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत समुद्र बरेचदा शांत असतो, नंतर मान्सूनचा नेम नाही आणि फेऱ्या रद्द होतात. परतीच्या विमानाआधी पोर्ट ब्लेअरला एक मोकळा दिवस ठेवा. बाकी वेगळा धागा काढा, इथे चिमणीचा फॉर्म भरायचा राहिलाय.